कर्मणी प्रयोगामागील हात

लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवातावर एक छोटेखानी इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. पुढे तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. वैद्यकशास्त्रात ह्या निबंधाची थोरवी निर्विवाद आहे. मी मात्र तो वाचला एका घरासाठी. आमच्या धर्मग्रामातील त्या घरी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी कंपवाताच्या रुग्णाला पवित्र कम्युनियन घेऊन जात असे.

निबंधात अवघ्या सहा रुग्णांची हकिगत आहे. त्यांतील काही लेखकाला रस्त्यात भेटले, तर एक केवळ दुरून दिसला. तरीही पुढे झुकलेले शरीर, पावलांची नकळत होणारी धाव, अस्पष्ट वाणी, मोडलेली झोप हे सारे त्यांनी अचूक टिपले आहे. भाषा संयत आहे. करुणेचे प्रदर्शन कोठेही नाही. हा ह्या लेखनाचा मोठा गुण होय.

दुरून दिसलेल्या त्या पाचव्या रुग्णाचे चित्र विसरता येत नाही. सेवक समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवतो. रुग्ण हळूहळू डोलत तोल सावरतो, इशारा देतो आणि धावत सुटतो. सेवक चटकन बाजूला होऊन पुढे पळतो, कारण वीसेक पावलांवर त्याला झेलावयाचे असते. सेवेचे इतके बोलके चित्र मी क्वचितच वाचले आहे. पण हा सेवक कोण, तो दिवसातून किती वेळा असा धावतो, रात्री त्याची पाठ दुखते का, हे निबंध विचारत नाही. इतरत्र तर सेवा करणारा कर्मणी प्रयोगातच लपतो: रुग्णाला भरवले जाते, घास मुखापर्यंत पोहोचवला जातो. कोणाकडून, ते कळत नाही.

ही उणीव केवळ भाषेची नाही. ह्या आजारात बुद्धी व इंद्रिये शाबूत राहतात, असे पार्किन्सन लिहितात. अनेकांच्या बाबतीत ते खरे नाही, हे आज आपण जाणतो. खिन्नता, भास, विस्मरण हेही ह्या आजाराचे भाग असू शकतात. रस्त्यावरून पाहणाऱ्याला चाल दिसते. रात्री तीन वाजता भिंतीवर माणसे दिसतात म्हणून घाबरलेला नवरा दिसतो तो फक्त त्याच्या पत्नीला. तिला विचारले असते, तर निबंध अधिक खरा झाला असता.

लेखकाला दोष देताना मला माझीच लाज वाटते. त्या घरातील बाई गोळ्यांच्या वेळा घड्याळ लावून पाळत असे, कारण अर्धा तास उशीर झाला तरी शरीर लाकडासारखे ताठ होई. उंबऱ्यापाशी पतीचे पाऊल थिजले, की ती आपले पाऊल आडवे ठेवी. ते ओलांडायला म्हणून त्याचा पाय उचलला जाई. रात्री कूस बदलून देण्यासाठी ती तीनदा उठे. दोन वर्षे मी हे पाहत होतो आणि तिला विचारत होतो ते एवढेच, "त्यांची तब्येत कशी आहे?"

एके दिवशी तिनेच विचारले, "फादर, रविवारची मिस्सा चुकते. कुमसारात सांगायला हवं ना?"

आजाऱ्याला सोडून येता येत नसेल तर मिस्सा चुकल्याचे पाप लागत नाही, हे मी सेमिनरीत शिकलो होतो. ते तिला आपणहून सांगावे, हे मला सुचले नव्हते.

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांचा थरथरणारा हात २००५ सालातील त्यांच्या निधनापूर्वी अनेक वर्षे जगाने पाहिला. त्यांच्या निवासात सेवा करणाऱ्या पोलिश धर्मभगिनींची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? संत मार्कच्या शुभवर्तमानात पक्षाघाती माणसाला उचलून आणणारे चौघेही निनावीच आहेत. पण येशूने छप्परातून खाली सोडलेली खाट पाहिली आणि खाट आणणाऱ्यांचा विश्वासही पाहिला. पार्किन्सन यांचा निबंध डोळे उघडे ठेवून पाहावयास शिकवतो, म्हणून तो अवश्य वाचावा. मात्र वाचताना प्रत्येक 'भरवले जाते' पाशी थांबून कर्ता शोधावा. बहुधा तो स्वयंपाकघरात, गोळीची वेळ पाहत उभा असेल.