बँड तोच, की नाव तेच?

मंडळी, इथून पाणी ओलांडलं की मुंबई. तिथला एक बँड आज घेऊ. १९८४ साली 'रॉक मशीन' म्हणून सुरू झाला, १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' झाला, १९९७ मध्ये थांबला. २०१० साली पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. आधीचा अल्बम १९९५चा. म्हणजे मध्ये १७ वर्षं!

मिलिंद राजाला नागसेन विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का? तसंच इथं. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया हे जुने. बासवर रुशाद मिस्त्री, ड्रम्सवर जय रो कवी हे नवे. मग बँड कुठं आहे? नागसेन म्हणेल, ते नुसतं व्यवहाराचं नाव. मला हे पुरत नाही. चाकं बदलली की रथाची चाल बदलते हो! 'इव्हॉल्व्ह'मध्ये ताल जास्त गुंतागुंतीचा झालाय, गाणी सरळ धावत नाहीत, वळणं घेतात. जुन्या चाहत्यांना ते खटकलं तर नवल नाही. मला तेच आवडलं. जुनीच गाणी नव्यानं वाजवून टाळ्या घेणं किती सोपं होतं!

तक्रार आहे ती मिक्सिंगबद्दल. ते केलं टिम पामर यांनी, पर्ल जॅमच्या 'टेन'चं मिक्सिंग करणारे तेच. काम चोख, पण माझ्या कानाला जरा जास्तच चोख. खोलीतली हवा ऐकू येत नाही.

आणि "इंग्रजीत गातात, मग हे आपलं कसं?" असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो : हार्मोनियम कुठून आली?