माळशेजचा परवाना कोणाकडून घ्यायचा?

पाटीवर 'मुरबाड', अंगावर लाल परीचा रंग, आणि खिडकीबाहेर जावा बेटावरची भातशेती. मालेओ या इंडोनेशियन कंपनीचा 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा खेळ २०१७ साली आला. त्यात आपल्या हाताने बसचा रंग बदलता येतो, आणि पुढे तर अख्खी गाडीच बाहेरून आणून बसवायची सोय झाली. इंडोनेशियातही वाहतूक डावीकडून चालते, चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे आपली गाडी त्या रस्त्यावर परकी वाटत नाही. महाराष्ट्रातल्या पोरांनी लाल परी, हिरकणी, शिवशाही, शिवनेरी सगळ्या त्या खेळात उतरवल्या. महागडं स्टिअरिंग नाही, संगणक नाही; साधा फोन आडवा धरायचा आणि निघायचं. ड्रायव्हिंग सिम्युलेटर या कलेचं आपल्याकडचं खरं काम आज इथे चाललं आहे. म्हणूनच त्याची समीक्षाही गंभीरपणे व्हायला हवी.

या क्षेत्रातला जुना वाद परवानाधारक खेळ विरुद्ध खुले मॉड, म्हणजे हौशी लोकांनी स्वतः बनवून खेळात घातलेल्या गाड्या आणि रस्ते, असा आहे. मोठ्या कंपन्या गाडीचं नाव, बोधचिन्ह, ट्रॅकचं नाव, सगळं पैसे मोजून घेतात. परवाना नसला की काय होतं, ते १९९८ च्या 'ग्रां प्री लेजंड्स'मध्ये दिसलं. १९६७ च्या फॉर्म्युला वन हंगामावरचा हा विलक्षण खेळ, पण त्यात होंडाला 'मुरासामा' आणि कूपरला 'कॉव्हेंट्री' व्हावं लागलं. पोर्शेचे हक्क कितीतरी वर्षं एकट्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे होते. तो करार संपेपर्यंत, म्हणजे २०१६ पर्यंत, बाकीच्या अनेक खेळांनी पोर्शेच्याच वळणाच्या 'रूफ'च्या गाड्यांवर भागवलं. आणि परवाना मिळाला तरी तो मुदतीचा. गाड्यांचे आणि ट्रॅकचे करार संपत आले म्हणून 'प्रोजेक्ट कार्स'चे पहिले दोन्ही भाग २०२२ मध्ये विक्रीतूनच काढले गेले. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ ते २०१३ या तीन हंगामांच्या अधिकृत एफ-वन खेळांत होता. शर्यत गेली, तसा पुढच्या खेळातून ट्रॅकही गेला. आज ज्यांना तो 'असेटो कोर्सा' या मॉडसाठी खुल्या खेळात चालवायचा आहे, त्यांना तो मॉडवाल्यांच्या मेहनतीमुळेच मिळतो.

परवान्याच्या बाजूने बोलण्यासारखंही बरंच आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'आयरेसिंग'ने ट्रॅक लेझरने मोजून घेण्याचा पायंडा पाडला. डांबराचा उंचवटा, कर्बची कड, जुन्या दुरुस्तीचा जोड हे सगळं मिलिमीटरच्या हिशेबात येतं आणि स्टिअरिंगमधून हाताला कळतं. त्यासाठी ट्रॅकमालकाने फाटक उघडावं लागतं, कारखान्याने गाडीची आकडेवारी द्यावी लागते. हे काम फुकटात आणि चोरून होत नाही. ज्याने एकदा असा ट्रॅक चालवला आहे, त्याला अंदाजपंचे बनवलेला मॉड लगेच ओळखू येतो.

पण माळशेज घाटाचं फाटक कोण उघडणार? कल्याण-नगर रस्ता सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा. त्याला मालक नाही, तिकीट नाही, शर्यत नाही. सरळगाव, टोकावडे, वैशाखरे ओलांडून चढणीला लागणारी गाडी जगातल्या कुठल्याही परवाना विभागाच्या यादीत येणार नाही, कारण विकायला तिथे कोणी बसलेलंच नाही. टोकियोच्या शुतो एक्स्प्रेसवेचंही थोडंफार असंच आहे. त्या उन्नत रस्त्यांचं जाळं 'असेटो कोर्सा'त हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून उभं केलं आणि आज जगभरचे लोक रात्री तिथे गाड्या पळवतात. सार्वजनिक रस्ता या कलेत यायचा, तर बहुधा खुल्या दारानेच येतो. म्हणून शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने मी निःशंकपणे मॉडच्या बाजूचा आहे. आणि म्हणूनच आपल्या मॉडवाल्यांकडून माझी अपेक्षाही मोठी आहे.

त्यांची रंगकामातली नजर तयार आहे. बसच्या सगळ्या बाजू उलगडून एका चित्रात मांडलेल्या असतात. त्या चित्रावर फोनमध्येच, बोटाने, 'पिक्सलॅब'सारख्या अॅपमध्ये रंग भरायचा. दाराच्या कडेला पट्टा तुटता कामा नये, चाकाच्या कमानीवर अक्षर चढता कामा नये. चांगल्या कामात 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरं मूळ वळणाची असतात, आगाराचं नाव जागच्या जागी असतं. नंबरप्लेटवर तर माणूस लगेच ओळखू येतो. एसटीच्या गाड्या महामंडळाच्या कार्यशाळांत बांधल्या जायच्या आणि तिथेच त्यांची नोंदणी व्हायची. दापोडीची गाडी एमएच १४, चिकलठाण्याची एमएच २०, हिंगण्याची एमएच ४०. मुरबाड आगाराच्या गाडीला नुसतं ठाणे जिल्हा म्हणून एमएच ०४ किंवा ०५ लावणाऱ्याने स्टँडवर उभं राहून बस पाहिलेली नाही. एमएच २० लावणाऱ्याने पाहिली आहे. इतकी बारीक निरीक्षणं कोणत्याही परदेशी स्टुडिओला पगार देऊन मिळणार नाहीत.

मात्र ही नजर पत्र्यावरच थांबते, आणि इथे माझी तक्रार सुरू होते. गाडी सुरू केली की लाल परी आणि शिवनेरी जवळपास सारख्याच धावतात. घाट उतरताना खरा चालक आधीच खालचा गिअर टाकतो आणि इंजिनावर गाडी रोखून धरतो. नुसत्या ब्रेकवर राहिला तर ब्रेक तापतात. हेअरपिनला मागचा लांब भाग बाहेर फिरतो, तो सांभाळून पुढचं चाक जवळजवळ कठड्यापर्यंत न्यावं लागतं. मागून कंडक्टरची डबल बेल पडल्याशिवाय गाडी हलत नाही. यातलं जवळपास काहीच मॉडमध्ये नसतं. हॉर्न मात्र दहा प्रकारचे असतात.

घाटाच्या नावाने नकाशेही फिरतात. त्यांचं दुखणं तांत्रिक आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. डोंगराची उंची बहुधा फुकट मिळणाऱ्या उपग्रह किंवा अवकाशयानाच्या मोजणीवरून घेतली जाते. त्यातली सर्वांत वापरातली मोजणी २००० साली 'एंडेव्हर' यानातून झाली आणि तिचे ठिपके साधारण ३० मीटर अंतरावर आहेत. घाटरस्त्याची रुंदी त्याहून कितीतरी कमी. कडा कापून काढलेला रस्ता दोन ठिपक्यांच्या मधे हरवतो आणि संगणकाला नुसता उतार दिसतो. मग मॉडवाला त्या उतारावर रस्ता चिकटवतो. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी यांच्यातला जीव घाबरवणारा फरकच नाहीसा होतो. उपाय एकच, रस्त्यावर जाऊन मोजायचं. वळणावळणाला फोटो, बोगद्याची उंची, दरड कोसळते त्या जागा, पावसाळ्यात धबधब्याचं पाणी नेमकं कुठे काचेवर येतं ते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. दुसऱ्याने घडवलेलं मॉडेल एका खेळातून उपसून दुसऱ्यात टाकायचं, मूळ कारागिराचं नाव पुसायचं, फाइलला पासवर्ड लावायचा आणि तो व्हिडिओच्या मधोमध लपवायचा, हा प्रकार सर्रास चालतो. कंपन्यांचे परवाने जाचक म्हणणाऱ्यांनी शेजारच्या गावातल्या पोराच्या तीन महिन्यांच्या कामावर डल्ला मारावा, हे मला सहन होत नाही. खुलेपणा म्हणजे नाव घेऊन, विचारून पुढे नेणं.

रंगाच्या पलीकडे जाऊन रस्ता आणि यंत्रही हौशी हातांना जमू शकतं, याचा पुरावा बर्लिनमध्ये आहे. २०११ साली आलेला 'ओम्सी' हा बस सिम्युलेटर मुळात दोघा बसवेड्यांचं काम. त्यांनी जग बनवलं नाही, स्पांडाऊ भागातली ९२ नंबरची एक बसलाइन बनवली, तीही भिंत उभी असतानाच्या, १९८० च्या दशकातली. मान कंपनीच्या दुमजली बसचा गिअरबॉक्स कसा कुरकुरतो, दार उघडताना हवा कशी सुटते, तिकिटाचे सुटे पैसे कसे परत द्यायचे, हे सगळं त्यात आहे. आणि खेळ पहिल्यापासून मॉडसाठी खुला, त्यामुळे इतर शहरांच्या लोकांनी आपापल्या लाइन त्यात घातल्या. तिथे रंगाआधी रस्ता आणि यंत्र आलं.

शहापूरच्या बाजूला तर घाई करायला हवी. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि जवळपास ८ किलोमीटरच्या जोडबोगद्याने कसारा घाटाला बगल दिली. जुन्या घाटाची वळणं, आटगाव-खर्डीकडून येणारी ती ट्रकची रांग, तिथले थांबे आता बदलत जातील. हा रस्ता आहे तसा नोंदवायचा, तर आत्ताच. मुरबाड आणि शहापूर ही दोन्ही आगारं महामंडळाच्या ठाणे विभागात येतात. विभागाने अशा चार पोरांना एक दुपार आगारात येऊ द्यावं: उभ्या बसची मापं घेऊ द्यावीत, इंजिन सुरू करून आवाज टिपू द्यावा, माळशेजला वीस वर्षं गाडी नेलेल्या चालकाशी बोलू द्यावं, आणि बोधचिन्ह विनामूल्य खेळात वापरण्याची लेखी परवानगी द्यावी. त्या कागदाला एक पैसाही लागणार नाही.