थार आणि थारा : वाहननामांचे वाचन

वाहनाचे नाव ही एक लघुतम संहिता मानली, तर तिचा अर्थ कोण निश्चित करतो, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत येतो. रोलां बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये सित्रोएन डीएस या मोटारीवर लिहिताना, त्या दोन अक्षरांच्या फ्रेंच उच्चारात ऐकू येणाऱ्या 'देवी' या अर्थाचा उपयोग करून घेतला. त्यांच्यापुढे होता तो प्रदर्शनात मोटार न्याहाळणारा नागर प्रेक्षक. महाड-पोलादपूरच्या घाटांत दणकट वाहनांच्या नावांचे असेच वाचन केले, तर वाचक बदलतो आणि त्याबरोबर अर्थही.

महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीस जीपची जुळणी सुरू केली. पुढे 'कमांडर', 'मेजर', 'मार्शल' ही लष्करी हुद्द्यांची नावे आली. २०१० मध्ये 'थार' हे वाळवंटाचे नाव आले. हुद्द्याकडून भूप्रदेशाकडे झालेला हा प्रवास लक्षणीय आहे. सैन्यावरील सत्ता सूचित करणाऱ्या नावांच्या जागी भूमीवरील सत्ता सूचित करणारे नाव आले. 'जिप्सी' आणि 'गुरखा' या नावांत तर माणसांचे समूहच गुणवाचक झाले. एकाची भटकंती आणि दुसऱ्याचा काटकपणा एवढेच उरले. त्यामागील विस्थापनाचा व चाकरीचा इतिहास गळून पडला. बार्थ ज्याला मिथक म्हणतात, त्याची ही सरळ उदाहरणे होत.

'सुमो'चे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९९४ मध्ये आलेल्या या वाहनाचे नाव टेल्कोची धुरा वाहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाच्या रोमन लिपीतील पहिल्या दोन-दोन अक्षरांवरून घेतले गेले. त्या लिपीतून जाताना 'मु'चा 'मो' झाला, आणि ऐकणाऱ्याने त्यात जपानी मल्ल पाहिला. नाव ठेवणाऱ्यांना अभिप्रेत असलेला गौरव वाचकाने नकळत पुसला. अर्थ कर्त्याच्या हेतूवर अवलंबून नसतो, या सिद्धान्ताला याहून सुबोध दाखला क्वचितच मिळेल.

मात्र 'वाचक' ही एकसंध कोटी नाही. आंबेनळी वा वरंध घाटात हौसेने वाहन घालणारा रसिक नाव आणि प्रतिकृतीचे वर्षही अचूक सांगतो. वाडीवरून महाडच्या बाजाराला येणाऱ्या उतारूला मात्र अशा कुठल्याही गाडीसाठी 'जीप' हे एकच सामान्यनाम पुरते. पहिल्यासाठी रस्ता सोडणे ही निवड आहे. दुसऱ्यासाठी रस्ता नसणे ही स्थिती आहे. मराठीत 'आडवाट' या शब्दाला संशयाची छटा आहे, कारण तिथे कोणी सुखासुखी जात नसे. ती आज गौरवाची झाली, याचे कारण परतीची हमी. रसिकाचा आनंद खोटा नव्हे. चारही चाकांना मिळणाऱ्या शक्तीतून आणि चढावरच्या संथ गतीतून त्याला भूमीचा पोत खरोखरच कळतो. पण त्या आनंदाची भाषा भूमीला निर्जन समजते.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पुरामुळे आणि दरडींमुळे वाटा अडल्या होत्या. मदत पोचण्यास विलंब झाला. 'दुर्गम' हे विशेषण जाहिरातीत आकर्षण असते. येथे तो मृत्यूच्या कारणांचा एक भाग होता. दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे, यातच समीक्षेपुढील प्रश्न आहे.

मराठी कानाला 'थार'मध्ये 'थारा' ऐकू येतो. हे सादृश्य योगायोगाचे आहे, पण अर्थपूर्ण आहे. वाळवंटाचे नाव मिरवणारे वाहन घाटात येते, तेव्हा तेथील माणूस त्यात थारा शोधतो : पावसात आजाऱ्याला खाली नेण्याचा आधार. वाचककेंद्री समीक्षेने अर्थाचा अधिकार कर्त्याकडून काढून वाचकाकडे दिला. तो वाचक रस्त्याच्या कोणत्या टोकाला उभा आहे, हे विचारल्याशिवाय ते हस्तांतरण अपुरे राहते.