‘सहकार्य’ या नामाचा कर्ता : पुंजसंगणनाच्या निमित्ताने

विद्यापीठे आणि उद्योग यांच्या संयुक्त संशोधनाविषयीच्या निवेदनांत ‘सहकार्य’ हे भाववाचक नाम वारंवार आढळते. अशा नामांची एक सोय असते : त्यांना कर्ता सांगावा लागत नाही. ‘सहकार्य झाले’ हे वाक्य, कोणी काय केले हे न सांगताही व्याकरणशुद्ध ठरते. अशी निवेदने तपासताना हा दोष प्रथम पाहिला पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचे शासनाने जाहीर केले. ते निवेदन या दोषापासून बरेचसे मुक्त आहे. क्यूबिटांची रचना व घडण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केली. नियंत्रण व मापन यांची उपकरणे संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेने जुळविली. दूरवरून गणित सोपवून उत्तर मिळविण्याचा क्लाउडवरील दुवा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने तयार केला. येथे प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे; म्हणून श्रेयाची व उत्तरदायित्वाची वाटणीही करता येते. अतिसंवाहक मंडलांवर आधारलेले असे क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या अगदी निकट तापमानात राखावे लागतात. त्यासाठी लागणारे नानाविध कौशल्य एकाच संस्थेपाशी असणे दुर्घट. तेव्हा हे सहकार्य केवळ शिष्टाचाराचे नव्हते, हे उघड आहे.

तथापि या वाक्यरचनेत विद्यार्थी कोठेच येत नाही. १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद झाली. त्याची चार केंद्रे बंगळूर, मद्रास, मुंबई व दिल्ली येथील अग्रगण्य संस्थांकडे गेली. वर्ध्याच्या महाविद्यालयात भौतिकी शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला असे यंत्र जवळ मिळणे शक्य नाही, हे मान्य. परंतु कुलाब्याच्या यंत्राला दुरून प्रश्न विचारता यावा, हेच तर त्या दुव्याचे प्रयोजन. तो दुवा संलग्न महाविद्यालयांसाठी कोण उघडील, आठवड्यात किती तास, आणि मार्गदर्शिका मराठीत कोण लिहील, हे करारातच नमूद झाले पाहिजे. मराठी विश्वकोशाने ‘पुंजयामिकी’ ही संज्ञा आपणांस दिली आहे. मात्र प्रयोगाशी संबंध न आला तर ती कोशातच राहील.

ही अपेक्षा वर्ध्याला अपरिचित नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य मगनवाडीत कुमारप्पांनी चालविले. तेथे अवजाराच्या सुधारणेचा विचार करताना ते वापरणारा कारागीर दृष्टीआड होत नसे. पुढे त्याच परिसरातील संशोधनसंस्थेचे पुनरुज्जीवन दिल्लीच्या आय.आय.टी.च्या साहाय्याने झाले. चरखा आणि क्यूबिट यांत साम्य शोधण्याचा येथे हेतू नाही. साधन कोणाच्या हाती येणार, हा प्रश्न मात्र दोन्हींना सारखाच लागू आहे.

आपल्या विभागाकडे असा एखादा करारमसुदा विचारार्थ आला, तर त्यातील प्रत्येक ‘सहकार्य’ खोडून तेथे क्रियापद लिहावे आणि त्याचा कर्ता विचारावा. जेथे कर्ता सापडणार नाही, तेथे स्वाक्षरी थांबवावी.