तळेगाव कुणी जाळलं?

स्वारगेट स्टँडजवळच्या स्टॉलवर विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ हमखास दिसतं. वडगावच्या लढाईबद्दल विचारलं, की विक्रेता नुसती मान हलवतो.

जानेवारी १७७९. राघोबादादांना पुण्यात बसवायला निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून तळेगावात पोचली, तर गाव जळालेलं. मराठ्यांनीच जाळलेलं, दाणा नाही, चारा नाही. माघारीत इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, महादजी शिंद्यांनी वडगावला घेरलं, १६ तारखेला तह झाला.

‘पानिपत’मध्ये उपाशी मरणारे आपले, म्हणून डोळे भरतात. इथे भूक हेच आपलं हत्यार, आणि घरंही आपलीच गेलेली. हौतात्म्यावर पोसलेल्या आपल्या ऐतिहासिक कादंबरीला हे अवघड जातं. ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस आपल्याला पाठ आहे. तळेगाव जळतानाचा नाना मला वाचायचाय. आणि तळेगावकर कुठे गेले, तेही.