आकडा नेमका कशाचा?

दोन अल्गोरिदमांपैकी सोपा कोणता, असं आपण सहज विचारतो. वेळ मोजण्याची रीत आता रुळलेली आहे. गुंतागुंत मोजायला मात्र आपण थॉमस मॅकेब यांनी 1976 साली मांडलेल्या सायक्लोमॅटिक आकड्याकडे वळतो. प्रोग्राममधले निर्णयाचे फाटे मोजा, त्यात एक मिळवा, झाला आकडा. तो 10 च्या पुढे जाऊ नये, असंही मॅकेब यांनी सुचवलं.

ही पट्टी लावून बघू या. क्रमाने लावलेल्या यादीत एक नाव शोधायचं आहे. पहिल्यापासून एकेक बघत गेलो, तर एक लूप, एक अट; आकडा 3. बायनरी सर्चमध्ये मधलं नाव बघून दर वेळी अर्धी यादी बाजूला टाकतो. तिथे एक लूप, दोन अटी, आकडा 4. दहा लाख नावं असतील, तर पहिल्या रीतीत दहा लाख वेळा बघायची पाळी येऊ शकते, दुसरीत फार तर 20 वेळा. एवढा लाभ एका फाट्याच्या किमतीत? पट्टी तर तसंच सांगते.

आता पुढचं ऐका. जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्च जोशुआ ब्लॉक यांनी लिहिला होता. त्यात चूक आहे, हे त्यांनीच 2006 साली जाहीर केलं. ती सुमारे 9 वर्षं तिथे बसून होती. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागलं होतं. यादी शंभर कोटींच्या बरीच पुढे गेली, की ती बेरीज ठरलेल्या जागेत मावत नाही आणि उत्तर ऋण येतं. दुरुस्ती एका ओळीची. आणि आकडा? आधी 4, नंतरही 4!

म्हणजे आकडा निरुपयोगी, असं आपण म्हणत नाही. किती चाचण्या घ्याव्यात, याचा अंदाज तो देतो. पण मोजलं जातं ते लिहिलेलं रूप आणि निवाडा होतो मूळ कल्पनेचा. हाच शोध लायब्ररीला हाक मारून एका ओळीत केला, तर आकडा 1. अवघडपणा संपला का? नाही, तो नजरेआड गेला.

म्हणून तुलना करताना आकड्याशेजारी एक प्रश्न लिहावा: लूपच्या प्रत्येक फेरीत काय खरं राहिलंच पाहिजे? पहिल्या शोधात उत्तर सोपं आहे: मागे टाकलेल्यांत ते नाव नाही. दुसऱ्यात यादीचा क्रम, दोन्ही टोकं आणि संख्येची मर्यादा, सगळंच सांभाळावं लागतं. खरी गुंतागुंत तिथे आहे, आणि ती फाटे मोजून सापडत नाही.