दोन आसनांचे प्रवासवर्णन

आपल्या प्रवासवर्णनांत प्रवासाची तयारी हा भाग बहुधा विनोदासाठी राखून ठेवलेला असतो. पासपोर्टाची कचेरी, गरम कपड्यांची उसनवारी, कधीही न गेलेल्या माणसांचे सल्ले, एवढे झाले की लेखक बोटीत किंवा विमानात चढतो आणि 'खरे' पुस्तक सुरू होते. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) तर या तयारीला असे काही रूप दिले की पुढे विलायतेला निघालेल्या प्रत्येक लेखकाला आपलीही थोडी फजिती झालीच पाहिजे असे वाटू लागले. पुलंचे ते साधले. मागून येणाऱ्यांचे फारसे साधले नाही. कारण तयारीत फजितीपेक्षा मोठी गोष्ट असते, ती निवडीची. कोणत्या वाटेने जायचे, काय बघायचे, काय सोडायचे आणि कोणाला बरोबर घ्यायचे हे घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच ठरते. आणि लेखकाची दृष्टी कुठे उघडी पडत असेल तर ती याच जागी.

हे सुचायला निमित्त झाले एका बारा पानी टाचणाचे. माझा एक जुना विद्यार्थी जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. येत्या उन्हाळ्यात तो व त्याची पत्नी अकरा दिवस मोटारीने आल्प्सच्या घाटांतून हिंडणार आहेत. त्याची योजना त्याने टंकलिखित करून मला पाठवली आणि खाली लिहिले, "सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. कथानक म्हणून हे कसे वाटते ते कळवा." थट्टेत लिहिले असेल, मी मात्र ते टाचण एखादे पुस्तक परीक्षणाला यावे तसे वाचले. युरोप मी पाहिलेला नाही. पण समीक्षक न पाहिलेल्या प्रदेशांविषयी नेहमीच लिहीत असतो, तेव्हा त्याचा संकोच नको.

प्रथम गाडीविषयी, कारण या कथानकाची नायिका तीच आहे. माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही १९८९ साली निघालेली, टप उघडता येणारी चिमुकली शर्यती वळणाची मोटार. लांबी चार मीटरहूनही कमी, वजन हजार किलोच्या आसपास, बसायला दोनच जागा. २०१६ सालापर्यंत असल्या दहा लाख गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या, म्हणजे हे वेड काही मूठभरांचे नाही. हिच्या डिकीत फक्त १३० लिटर सामान मावते. आपल्या अंगणातल्या पाण्याच्या दोनशे लिटरच्या पिंपाहूनही ते कमी! माझ्या विद्यार्थ्याने या अडचणीवर दीड पान खर्च केले आहे, आणि संबंध टाचणात गद्य म्हणून सरस उतरले आहे ते हेच दीड पान. कडक पेट्या चालणार नाहीत, मऊ पिशव्याच हव्यात. बुटांचा एकच जोड. पावसाळी कोट आसनामागे दुमडून. चिवड्याचा डबा बाद, त्याऐवजी पुड्या. चिवड्याचा डबा खोडून पुन्हा लिहिला आहे आणि पुन्हा खोडला आहे. त्या खाडाखोडीत एक माणूस दिसतो. पुढच्या पानांत तो दिसेनासा होतो.

कारण पुढे वाट सुरू होते, आणि वाट सुरू झाली की 'निसर्गरम्य' हा शब्द सुरू होतो. मी मोजला. बारा पानांत तो सव्वीस वेळा आला आहे. काळ्या अरण्याचा डोंगरमाथ्यावरचा रस्ता निसर्गरम्य, २१६४ मीटरवरची ग्रिम्झेल खिंड निसर्गरम्य, २४२९ मीटरवरची फुर्का अधिक निसर्गरम्य, २७५७ मीटरवरची स्टेल्व्हिओ तर परम निसर्गरम्य. उंची वाढेल तशी रम्यता वाढते असा काही नियम असावा! या शब्दाने आमच्या प्रवासवर्णनांचे जेवढे नुकसान केले तेवढे वाईट छपाईनेही केले नसेल. जो लेखक तो वापरतो त्याने पाहण्याचे काम दुसऱ्यावर सोपवलेले असते. इथे तर ते अक्षरशः सोपवलेले आहे. मिशेलिनच्या नकाशांत देखण्या रस्त्यांच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असते. योजना त्या हिरव्या रेघेवरून चालली आहे. सौंदर्य आधीच कुणी तपासून शिक्का मारून ठेवले आहे, आता फक्त जाऊन सही करायची.

त्यापेक्षा हे रस्ते मुळात का झाले हे विचारले असते तर प्रत्येक वळणाला कथा मिळाली असती. स्टेल्व्हिओचा रस्ता १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने बांधला, तो लोंबार्डी आपल्या मुठीत राहावी म्हणून. कार्लो डोनेगानी या इंजिनियराने प्राडच्या बाजूने डोंगरावर जी अठ्ठेचाळीस वळणे घातली, ती फौजा आणि टपाल वर चढावे यासाठी. आपल्या बोरघाटाचे तेच. गाडीरस्ता १८३० साली खुला झाला तो देशावरचा माल आणि पलटणी खाली-वर नेण्यासाठी. खंडाळ्याचे धुके तेव्हा कुणाच्या हिशेबात नव्हते. उलट ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा अठ्ठेचाळीस किलोमीटरचा रस्ता पाहा. तो १९३५ साली पुरा झाला. मंदीच्या दिवसांत बेकारांना काम मिळावे आणि मोटारवाल्या प्रवाशांनी यावे म्हणूनच तो खोदला. आजही तिथे पथकर भरूनच जावे लागते. म्हणजे एक रस्ता जिंकण्यासाठी, दुसरा दाखवण्यासाठी. हे दोन्ही रस्ते एकाच आठवड्यात उतरणाऱ्या प्रवाशाच्या टाचणात हा फरक एका शब्दानेही येऊ नये याचे मला वाईट वाटते. परतीच्या वाटेवर वुर्झबुर्ग ते फ्युसेन हा 'रोमँटिक रस्ता' आहे, तो तर नावानेच जन्मला. महायुद्धानंतर बदनाम झालेल्या देशात पाहुणे परत यावेत म्हणून जुन्या गावांच्या माळेला १९५० साली हे नाव दिले गेले. त्या रस्त्याचा मालमसाला शीर्षकातच आहे! आमच्या कित्येक कादंबऱ्यांचे असेच असते, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.

आता कथानकाकडे. अकरा दिवस, प्रत्येक दिवसाला सकाळ, दुपार, मुक्काम अशी तीन घरे, आणि घर रिकामे एकही नाही. अपवाद फक्त सहाव्या दिवसाचा. खिंडी उघडतात जूनच्या सुमारास आणि बर्फ फार असले तर तेव्हाही बंद राहतात, म्हणून त्या दिवसापुढे त्याने नुसते "बघू" असे लिहिले आहे. मला विचाराल तर प्रवासवर्णन तिथून सुरू होईल.

मराठीतले पहिल्या मानाचे प्रवासवर्णन कोणते यावर वाद घालायला मी तयार आहे, पण विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'ला त्या पंक्तीतून उठवू देणार नाही. वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण १८५७ साली उत्तरेकडे निघाला तेव्हा त्याचीही योजना पक्की होती. बायजाबाई शिंद्यांनी यज्ञ मांडला आहे, तिथे जायचे, दक्षिणा मिळवायची, घरचे कर्ज फेडायचे आणि परत यायचे. वाटेत बंड उभे राहिले आणि योजनेची धूळधाण झाली. दक्षिणेऐवजी त्याच्या पदरात झांशीचा वेढा पडला. १९०७ साली छापून आलेले ते पुस्तक आज आपण वाचतो ते मोडलेल्या योजनेचे पुस्तक म्हणून. सगळे ठरल्याप्रमाणे झाले असते तर मिळालेल्या दक्षिणेची यादी उरली असती, ती कोण वाचणार?

याचा अर्थ योजना करू नये असा मुळीच नाही. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) पाहा. नावातच वाट आहे आणि त्या वाटेने जाण्याचे कारणही आहे. माणूस कुठून निघाला, कशाच्या ओढीने चालला हे मुखपृष्ठावरच कळते. गंगाधर गाडगिळांनी 'गोपुरांच्या प्रदेशात' (१९५२) लिहिले तेव्हा दक्षिणेच्या देवळांइतकेच पाहणाऱ्याचे मन वाचकापुढे आले. माझ्या विद्यार्थ्याच्या बारा पानांत अक्षांश-रेखांश आहेत, पथकराचे चाळीस फ्रँक आहेत, पेट्रोलचा अंदाज आहे; ओढ तेवढी नाही. ती नसेल असे नव्हे. चिवड्याचा डबा ज्याने दोनदा खोडला त्याला ती आहेच. पण लिहिण्याची लाज वाटली असावी.

आणखी एक अडचण आहे, ती आमच्या टीकाकारांनी कधी विचारात घेतली नाही. मराठी प्रवासवर्णन हे बहुतांशी उतारूचे वाङ्मय आहे. बोट, आगगाडी, यात्रा कंपनीची बस यांत लेखक खिडकीशी बसतो, चालवणारा दुसराच असतो. स्वतः गाडी हाकणाऱ्याला डोंगर दिसतच नाही. बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरताना एस.टी.चा ड्रायव्हर काय बघतो? पुढचे वळण, समोरून येणारा ट्रक, खालच्या गियरमध्ये गुरगुरणारे इंजिन. घाटाखालचा मुलूख बघतो तो खिडकीतला उतारू. तेव्हा दोन आसनांच्या गाडीत एकजण दगड आणि डांबर बघणार, दुसऱ्याच्या मांडीवर नकाशा. मग प्रवासवर्णन लिहिणार कोण? पत्नीच्या हाती नकाशाऐवजी वही द्यावी, अशी सूचना मी समासात लिहिली आहे.

आता शेवटच्या पानावरच्या एका ओळीविषयी लिहितो, कारण सगळ्या टाचणात मला खुपली ती हीच. "आई त्या महिन्यात इकडेच असेल, अकरा दिवस तिची सोय शेजारी होईल." त्याची आई आमच्या देऊळघाटातच राहते. मुलाकडे पहिल्यांदाच जाते आहे. आमच्या घरांत प्रवास एकटा करत नाही; गेलेला माणूस न गेलेल्यांसाठी बघून येतो, आणि आल्यावर ओट्यावर बसून सांगतो. प्रवासवर्णनाचे मूळ त्या ओट्यावरच आहे असे मी मानतो. इथे ऐकणारी व्यक्तीच स्वतः दारापर्यंत आली आहे, आणि गाडीला जागा दोन! मोठी गाडी भाड्याने घे, असे मी लिहिले नाही. तरुण जोडप्याला अकरा दिवस मोकळे हवेत, आणि त्यात गैर काही नाही. फक्त एवढेच लिहिले की स्वित्झर्लंडच्या खिंडींतून टपालखात्याच्या परंपरेची पिवळी बस धावते. डोंगरी टपालरस्त्यावर तिला सर्वांनी वाट द्यायची असा तिथला कायदा आहे, आणि आंधळ्या वळणावर ती रोसिनीच्या 'विल्यम टेल' या संगीतिकेतले तीन स्वर भोंग्यावर वाजवते. उन्हाळ्यात ती फुर्कावरही चढते. आईला अँडरमॅटला त्या बसमध्ये बसवून दे, तुम्ही दोघे पुढे जा आणि माथ्यावर तिची वाट बघा. त्या दिवसाचे प्रवासवर्णन तिच्याकडून ऐक आणि तुझ्या टाचणाशी ताडून बघ.

त्याचे उत्तर आले आहे. सहाव्या दिवसापुढचे "बघू" खोडून त्याने बसची वेळ लिहिली आहे. परवा ही गोष्ट मी त्याच्या आईला सांगितली. उंचीचे, बर्फाचे तिला फारसे काही वाटले नाही. त्या बसमध्ये कंडक्टर नसतो, हे ऐकल्यावर मात्र ती निवडायची मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "कंडक्टर नाही, त मंग तिकीट कोन फाडते, गुरुजी?"